डावी सीट

२ मार्च

'प्रिय' वगैरे लिहीत नाही. तुला ते खोटं वाटेल आणि मलाही लिहिताना हात अडेल.

फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. समोरच्या दुकानातून केला, तर आवाज ओळखून फोन ठेवलास. म्हणून पत्र. पत्र फाडून टाकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम एवढंच आहे. वजनकाट्यावरची बाई परत आली आहे. तुझी शिकाऊ, दगडखाणीच्या काट्यावर ट्रक तोलते ती. ती आठवत नाही असं म्हणू नकोस, चौकातलं ते सगळं तिच्याच हातून झालं. त्यानंतर तिने शिकणं सोडलं होतं. गेल्या आठवड्यात आपली आपण येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, मला महिन्याभरात लायसन्स पाहिजे."

मी म्हटलं, लायसन्स काय टोपलीत घेऊन बसलेय का मी?

मग तिने सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात न्यावं लागतं. आजवर खाणीची व्हॅन नेत होती, ती या महिन्याच्या शेवटी बंद होतेय. तिकडे बस जात नाही. नवऱ्याची जुनी गाडी दाराशी उभी आहे, पण त्याची नजर अधू झाली आहे, त्याला चालवता येत नाही. हिला लायसन्स मिळालं नाही तर नवऱ्याला त्याच्या भावाकडे पाठवावं लागेल, आणि तो भाऊ राहतो पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिला बरोबर जाता येणार नाही. काटा सोडला तर पगार गेला, आणि राहतं घरही काट्याचंच. सांगताना रडली नाही. ट्रकचं वजन सांगावं तसं सांगितलं.

टेस्ट २९ तारखेला आहे. चुकली तर पुढची तारीख मे महिन्यातली.

बाकी तिला सगळं येतं. चढावर गाडी धरते, रिव्हर्स माझ्यापेक्षा सरळ घेते. पण पेट्रोल पंपासमोरच्या चौकात, जिथे आपला रस्ता मोठ्या रस्त्याला तिरका भिडतो, तिथे उजवीकडे वळायचं म्हटलं की बाईचा पुतळा होतो. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगला चिकटलेले, आणि मागे हॉर्नचा गोंधळ. टेस्ट तिथूनच सुरू होते हे तुला सांगायला नको.

तुझ्याकडे असताना ती तिथून वळायची. मी पाहिलंय. तू तिला काय सांगायचीस, तेवढं कळव. चार ओळी पुरेत.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. क्लासच्या दोन्ही गाड्या मीच बघते. तुझ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवरची ती फुलाफुलांची गादी काढून टाकली. गाडी आहे ती, दिवाणखाना नाही.

– मोठी


९ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही डोळे लावून बसलेले नाही. पोस्टमनला रोज विचारते ते दुसऱ्या कामासाठी.

काल ती चौकात गाडीतून उतरून चालती झाली.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तुला हसायला होईल. आम्ही चौकात पोचलो. मी म्हटलं, उजवीकडे. तिने इंडिकेटर दिला, गिअर पहिला, सगळं नीट. आणि थांबली. रस्ता रिकामा. मी म्हटलं, चला. नाही. म्हटलं, अहो चला, कुणी येत नाहीये. नाही. मागे टेम्पोवाला बोंबलायला लागला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अगं, रस्ता तुझ्या डोळ्यांसमोर मोकळा आहे, आंधळी आहेस का?"

तिने हँडब्रेक ओढला. गाडी न्यूट्रलला घेतली. सीट बेल्ट काढला, दार उघडलं, मागे कोण येतंय ते बघूनच उघडलं, हे मात्र खरं, आणि पंपाच्या बाजूने चालायला लागली. मला डावीकडून उजवीकडे सरकून गाडी काढावी लागली. इतकी वर्षं गाडी शिकवतेय, एकही शिकाऊ मला रस्त्यात टाकून गेली नव्हती.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, तू ओरडतेस." हो, ओरडते. बाबाही ओरडायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आजवर कुणाला धडकलेला नाही. तुझ्यासारखं खांद्यावर हात ठेवून, "हं, घाबरू नका हं, आपल्याला घाई नाही," असं करत बसले तर लोक गाडीत बसून म्हातारे होतील. आणि घाई आहे. तिला तर आहेच.

आता विषय निघालाच आहे तर बोलते. त्या दिवशी मी चौकात आले तेव्हा स्कूटर आडवी पडली होती. स्कूटरवाला नडगी धरून रस्त्यावर बसला होता. आपली गाडी तिरकी, अर्धी मोठ्या रस्त्यात. आणि तू काय करत होतीस? आत बसून त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. तिच्या. जो पडला होता तो बाहेर होता.

पंपावरच्या पोराने सांगितलं, गाडी एकदम आली. स्कूटरवाल्याने सांगितलं, थांबलीच नाही. पोलिसानेही तेच म्हटलं. मग मी काय समजायचं होतं? ज्या माणसाच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे आणि तो वेळेवर तो दाबत नाही, त्याने डाव्या सीटवर बसू नये. मी किल्ली मागितली. तू दिलीस. मी हिसकावली नाही. लोक काहीही सांगतात.

आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. 'ताई, असं झालं' एवढंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. आवाज इतका बारीक की मला फोन कानात खुपसावा लागला. म्हणाला, "ती तुमच्यावर रागावलेली नाही. स्वतःवर रागावली आहे. शिकवाल ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

कळव. तिच्यासाठी कळव, माझ्यासाठी नको.

– मोठी


१५ मार्च

तुझं कार्ड मिळालं.

'तिला विचार, तिला काय दिसतं.' वर एवढंच. आणि खाली, 'एक तारखेपासून मी इथे कायम होतेय.' ना वर ताई, ना खाली नाव. अक्षरावरून ओळखायचं मी. शाळेतही शुद्धलेखनाच्या वहीत तू असाच कंजूसपणा करायचीस.

कायम हो. मोठी कंपनी आहे, एसी गाड्या आहेत, गणवेश असेल. माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं असण्याचा प्रश्न येतो कुठे?

मात्र त्या पहिल्या ओळीने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय दिसतं म्हणजे काय? रस्ता दिसतो. मला दिसतो, तुला दिसतो, कुत्र्यामांजरांना दिसतो. मी विचारलं काय होतं आणि तू पाठवलंस काय. मी चार ओळी मागितल्या होत्या, उपदेश नव्हता मागितला.

तरीही गेले. माझीच मी गेले खाणीवर, ती येणार नाही हे माहीत होतं म्हणून. तू कधी गेलीस तिथे? काट्याची खोली एवढीशी आहे. एक खिडकी, एक पंखा, समोर आकडा दाखवणारा डबा. ट्रक येऊन काट्यावर उभा राहिला की खोलीतलं भांडंसुद्धा थरथरतं. तिला ते जाणवतही नाही. ट्रक आला, आकडा लिहिला, चिठ्ठी दिली, पुढचा. मी मध्येच उभी. धुळीने घसा आधीच बसत आला होता, त्यात तिच्याशी बोलायचं म्हणजे ट्रकच्या वर आवाज चढवायचा.

मी विचारलं. तू सांगितलंस तसंच विचारलं. "चौकात तुम्हाला काय दिसतं?"

ती म्हणाली, "रस्ता."

झालं? घे. मी तुला म्हटलं नव्हतं?

मग एक रिकामा ट्रक गेला आणि भरलेला आला. काटा बघत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई, लोकांना वाटतं ट्रक म्हणजे ट्रक. मला माहीत आहे समोरून येतं त्याचं वजन किती असतं. मी दिवसभर तेच लिहिते."

तू असतीस तर यावर तुला काही बोलायला सुचलं असतं, आणि त्याचाच मला राग आला. परत येताना वाटेत गाडी थांबवून पाणी प्यायले. घसा जळत होता आणि डोळ्यांत धूळ गेली होती.

उद्यापासून ती येणार आहे. का येणार आहे कोण जाणे. निघताना मी एवढंच म्हटलं होतं की त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. त्यावर ती म्हणाली, "कुठलं?" म्हणजे मी बरंच काही बोलले असणार.

– मोठी


२१ मार्च

हे पत्र नीट वाच. घाईने वाचू नकोस.

माझा आवाज गेला. पूर्ण. खाणीवरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही म्हणून बजावलं आहे, कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजीने म्हणे जास्त बिघडतं. तू आता हसत असशील तर हस. सगळी गल्ली हसतेय. समोरचा दुकानदार म्हणाला, एवढी शांतता तर सुट्टीच्या दिवशीही नसते.

शिकवणी बंद ठेवावी म्हटलं, तर टेस्ट तोंडावर. तेव्हा हाताच्या खुणांनी शिकवायला बसले. बोट डावीकडे, बोट उजवीकडे, पंजा म्हणजे थांब. पहिल्या दिवशी ती फार घाबरली. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते, गप्प माणसाचं काय करायचं हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी जरा सैल झाली. आणि काल चौकात, थांबली होती तशीच थांबून, ती बोलायला लागली. मला वाटतं, गाडीतली ती शांतता तिला सहन होईना.

म्हणाली, "इथे आलं की हा मध्ये येतो."

मी मानेने विचारलं, कोण?

तिने स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि काचेच्या उजव्या कडेचा खांब दाखवला. छताला धरून ठेवतो तो. मी हात उडवला. खांब प्रत्येक गाडीला असतो, तो कुणाच्या मध्ये येतो? माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आवाज असता तर तिथेच विषय संपला असता. बोलता येत नव्हतं म्हणून मी उतरले, तिला उतरवलं आणि तिच्या जागी जाऊन बसले.

नेहमी बसले की पहिलं काम म्हणजे सीट मागे सरकवायची. गुडघे मावत नाहीत ना माझे. काल नाही सरकवली. स्टिअरिंग पोटात रुतवून बसले आणि खाली खाली घसरत गेले, तिचं डोकं जिथे येतं तिथे माझं डोकं येईपर्यंत. मान दुखायला लागली. पंपावरची माणसं बघत होती. आणि मग मी उजवीकडे पाहिलं.

खांब होता आणि खांबाला चिकटून बाहेरचा आरसा होता. दोन्ही मिळून एक भिंत. मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक येताना लांब दिसला. पुढे आला आणि नाहीसा झाला. अख्खा ट्रक, अगं. मी वाट बघत राहिले. रस्ता रिकामा होता, मी शपथेवर सांगितलं असतं की रिकामा आहे. आणि मग तो खांबामागून निघाला तो थेट माझ्या बॉनेटसमोरून गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. माझा पाय ब्रेकवर दाबलेलाच होता.

नंतर घरी कागदावर रेघा मारून बघितलं. रस्ता तिरका भिडतो म्हणून होतं ते. आपली गाडी हळू पुढे सरकते, तोही पुढे येतो, आणि खांब नेमका दोघांच्या मध्येच राहतो. उंच माणसाला आरशाच्या वरून दिसतं. मला आयुष्यभर दिसत आलं. बाबांना दिसायचं, ते माझ्यापेक्षाही उंच होते. बुटक्या माणसाला नाही दिसत.

तुला दिसत नव्हतं.

त्या खुर्चीत, म्हणजे सीटवर, घसरून बसले असताना मला आठवलं, तू अठरा वर्षांची होतीस आणि याच चौकात थांबायचीस. मी डावीकडे बसून म्हणायचे, अगं चल ना, काय बघतेस एवढं. तू मान पुढे काढायचीस, मागे घ्यायचीस, पुन्हा पुढे. मी त्याला कोंबडीची मान म्हणायचे. बाबांना करून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. तू खांबाच्या आडून बघत होतीस.

आणि ती गादी. फुलाफुलांची.

ऐक, अजून आहे. मी तशीच बसून राहिले होते तेव्हा ती डाव्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "त्या दिवशी स्कूटर इथूनच निघाली. मला दिसलीच नाही. धाकट्या बाईंना दिसली. माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मी दाबला नव्हता," ती म्हणाली. "माझा पाय वरच होता आणि पेडल खाली गेलं. त्यांनी त्यांच्या बाजूने दाबलं म्हणून. गाडी जागच्या जागी थांबली. तो स्कूटरवाला आम्हाला बघून दचकला, त्याने करकचून ब्रेक मारला आणि घसरला. आमची गाडी त्याला लागलीच नाही."

दोन्ही ब्रेक एकाच दांडीला बांधलेले आहेत. एक दाबला की दुसरा खाली जातो. हे मी रोज पहिल्या तासाला नव्या शिकाऊंना सांगते.

मी पंपावरच्या पोराला विचारलं. स्कूटरवाल्याला विचारलं. पोलिसाला विचारलं. तो तर सगळं झाल्यावर आला होता. तुला नाही विचारलं. तुझ्यापाशी आले आणि हात पुढे केला, किल्ली दे म्हणून. तू का बोलली नाहीस हे मी इतके महिने तुझ्यावर रागावून स्वतःलाच विचारत होते. आता वाटतं, त्या वेळी तू कोणाशी बोलणार होतीस?

आज मला फार वाईट वाटतंय. दुसरा शब्द सुचत नाही.

तुझी गादी माळ्यावर टाकली होती. काढायला गेले तर शेजारच्या मांजरीने तिच्यावर पिल्लं घातली आहेत. पिल्लांच्या आईशी मारामारी करण्यात अर्थ नव्हता. दुसरी शिवायला घेतली आहे. मला शिवता येत नाही हे तुला माहीत आहे. टाके बघून काटेवाली म्हणाली, "राहू द्या बाई, बसायचीच आहे."

आठ दिवस उरलेत. तिची मान आता पुढेमागे होते. पण रोज नाही होत. कधी होते, कधी पुन्हा पुतळा.

– ताई


३१ मार्च

प्रिय बुटके,

परवा टेस्ट झाली. क्रमाने सांगते.

सकाळी माझा आवाज परत आला. चहा ओतताना पातेलं हातातून निसटलं आणि तोंडातून शिवी बाहेर पडली, स्पष्ट. म्हणजे काटेवालीवर मला शेवटच्या क्षणी हवं तेवढं ओरडता आलं असतं. नाही ओरडले. तिला फक्त विचारलं, गादी नीट बसली का. हो म्हणाली.

तिचा नवरा आला होता, व्हॅनच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीने. काठी टेकत कुंपणाशी माझ्या शेजारी उभा राहिला. पुढच्या आठवड्यात भावाकडे जायची पिशवी भरून ठेवली आहे म्हणाला, तिला न सांगता. न जमलं तर निदान भरायच्या वेळी तिला रडायला नको. मला त्याला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी त्याला माझी उभी राहायची सावलीतली जागा दिली.

परीक्षक तोच, मिश्यांतून बोलणारा, ज्याला तू 'गोंद' म्हणायचीस, ओठ डिंकाने चिकटल्यासारखा बोलतो म्हणून. तो डावीकडे बसला. मी बाहेर. लक्षात घे, मी बाहेर आणि ती आत, आणि माझ्या पायाशी काही नाही. कुंपणापासून चौक सरळ दिसतो.

गाडी चौकात आली. इंडिकेटर लागला. थांबली.

आम्हाला दोघांनाही रस्ता दिसत होता, पार पुलापर्यंत रिकामा. ती हलेना. मागे एक गाडी येऊन थांबली, मग दुसरी. हॉर्न सुरू झाले. परीक्षकाचा हात हललेला दिसला, चला, चला. ती हलेना. माझ्या मनात आलं, संपलं. पुतळा झाला. शेजारी तिचा नवरा डोळे बारीक करून विचारत होता, "गेली का? वळली का?" त्याला दिसत नव्हतं आणि मला सांगवत नव्हतं. माझा उजवा पाय जमिनीत इतका रुतला होता की चपलेचा अंगठा तुटला.

आणि मग तिची मान हलली. पुढे. मागे. पुन्हा पुढे. कोंबडीची मान.

मी म्हटलं, "बघतेय ती." एवढंच सांगितलं मी त्याला. "अजून बघतेय."

खांबामागून काही आलं नाही. ट्रक नाही, स्कूटर नाही, कुणी नाही. तिने पूर्ण बघून घेतलं आणि वळली, हळू, रुंद, जसं पाहिजे तसं. मग दिसेनाशी झाली.

परत आल्यावर परीक्षक उतरला आणि मला म्हणाला, "तुमची शिकाऊ मोकळ्या रस्त्यावर उभी राहते." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मोकळा आहे हे मला दिसत नव्हतं साहेब. तुम्ही म्हणालात, पण गाडी मी चालवत होते." तो पुन्हा आत वाकला, तिच्या सीटवर हात टेकून त्याने खांबाकडे पाहिलं, आणि कागदावर सही केली. पास.

नवऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिचा दंड धरला. ती म्हणाली, "धक्का देऊ नका, पाय अजून थरथरतायत." दोघं तसेच उभे राहिले. मी वळून गाडी पुसायला लागले.

आता कालचं. हे तुला सांगायचं म्हणूनच पत्र लिहायला बसले.

काल तिने पहिल्यांदा नवऱ्याला स्वतः डायलिसिसला नेलं, त्यांच्या जुन्या गाडीतून. म्हणाली, पहिल्या दिवशी बरोबर चला. नवरा मागे आडवा झाला आणि मी डावीकडे बसले. त्यांच्या गाडीत दुसरा ब्रेक नाही. हे मला माहीत होतं. तरी पहिल्या वळणावर माझा पाय खाली गेला. दुसऱ्या वळणावर गेला. सायकलवाला दिसला, गेला. ती व्यवस्थित चालवत होती आणि मी खालचा पत्रा तुडवत होते. थोड्या वेळाने ती समोर बघतच म्हणाली, "बाई, तिथे काही नाहीये."

मी म्हटलं, सवय आहे, तुमच्यावर अविश्वास नाही.

ती म्हणाली, "माहितीय. पण चालवणाऱ्याला पाय दिसतो." मग गिअर बदलून, "धाकट्या बाई म्हणायच्या, ताईच्या शेजारी बसून गाडी चालवली की आपल्याला गाडी येतच नाही असं वाटतं. त्या स्वतःला अजून शिकाऊच समजतात."

यानंतर दवाखान्यापर्यंत मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. फार अवघड गेलं. गुडघ्याला रग लागली. तू हे किती वर्षं पाहिलंस? आईला दवाखान्यात नेताना तू चालवत होतीस, तेव्हाही? बाबा गेले त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना घेऊन आलीस, तेव्हाही माझा पाय खाली जात होता का? मला आठवत नाही. तुला आठवत असणार.

हे पत्र पोचेल तेव्हा एक तारीख उलटून गेलेली असेल आणि तू तिथली कायमची झालेली असशील. हो. चांगली नोकरी आहे, आणि तिथे कुणी तुझ्या पायाकडे बघत नसेल. तू परत यावंस असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू? रोज वाटतं. गाडी पुसताना वाटतं, जेवताना वाटतं. पण ते विचारायला मी येत नाहीये.

मी रविवारी येतेय. सकाळच्या बसने. त्या दिवशी चौकात तुला काय दिसलं, ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे, पहिल्यापासून. मध्ये बोलणार नाही. दोन आठवडे गप्प बसायची प्रॅक्टिस झालेली आहे.

तुला वेळ असला तर मला कुठेतरी फिरवून आण. कुठेही. तू चालव, हवं तितक्या हळू चालव, प्रत्येक चौकात हवा तितका वेळ थांब. मी डावीकडे बसेन. पायांचा भरवसा नाही, म्हणून मांडी घालून बसेन.

तुझी,
ताई